गप्प बसलेल्या माणसाचं सरकारने काय समजायचं?

इंग्लंडमध्ये मूल झालं की ४२ दिवसांच्या आत त्याची जन्मनोंदणी करावी लागते, कायदाच आहे तसा. बाळाला घेऊन रजिस्ट्रारकडे जायचं, ती बाई समोर बसून बाळाचं नाव, आईवडलांची नावं, कुठे जन्मले, काय काम करतात, पत्ता, सगळं टाइप करते, मग स्क्रीन आपल्याकडे वळवून स्पेलिंग बघायला सांगते (आपल्या आडनावांचं तर दोन-तीनदा बघावंच लागतं), सही घेते आणि सर्टिफिकेट हातात देते. म्हणजे त्या दिवशी सरकारदरबारी पक्की नोंद झालेली असते की या आईला या पत्त्यावर हे मूल झालंय. तरीसुद्धा त्या मुलासाठी मिळणारा चाइल्ड बेनिफिट हा सरकारी भत्ता काही आपोआप सुरू होत नाही. त्याचा अर्ज वेगळा, खातं वेगळं, आणि उशीर केलात तर मागचे जास्तीत जास्त तीन महिन्यांचे पैसे मिळतात, त्याआधीचे गेले ते गेले.

आणि याच देशात, तुम्ही १८ वर्षांवरचे आहात, इथे वर्षभराहून जास्त राहताय आणि अवयवदानाबद्दल कुठेच काही कळवलेलं नाही, तर तुमच्या मृत्यूनंतर तुमचे अवयव द्यायला तुमची हरकत नाही असं कायदा धरून चालतो. तिथे फॉर्म नाही, सही नाही.

मला या दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवून बघाव्याशा वाटल्या कारण मी बरीच वर्षं आमच्या भागातल्या नव्याने आलेल्या मराठी कुटुंबांना असले सरकारी फॉर्म भरायला मदत करते, आणि दोन्हीबद्दल लोकांच्या मनात जे गोंधळ असतात ते शेवटी एकाच प्रश्नाशी येतात. माणूस काहीच बोलला नाही तर सरकारने त्याचा अर्थ काय लावायचा? पैशांच्या बाबतीत इथलं सरकार म्हणतं की बोलला नाहीस म्हणजे तुला नकोय. शरीराच्या बाबतीत म्हणतं की बोलला नाहीस म्हणजे तुझी ना नाही. माझं मत आधीच सांगते. पैशाच्या बाबतीत हे चुकलेलं आहे आणि बदलायला हवं. अवयवदानाच्या बाबतीत कायदा ठीक आहे, पण तो एकटा काही कामाचा नाही, आणि आपल्या लोकांनी तर त्याच्या भरवशावर अजिबात बसू नये.

आधी चाइल्ड बेनिफिट, कारण रोजचा जाच त्याचा आहे.

हा पैसा सुरू कसा झाला ते मला खूप महत्त्वाचं वाटतं. एलेनॉर रॅथबोन नावाच्या खासदार बाईंनी त्यासाठी पंचवीसेक वर्षं तरी भांडण केलं. त्यांचं म्हणणं साधं होतं की पगार कामगाराला मिळतो, त्याला मुलं एक का पाच याच्याशी पगाराचा काही संबंध नसतो, आणि घरातली बाई जे मुलं वाढवायचं काम करते त्याला बाजारात किंमत नाही, म्हणून त्या कामाचे पैसे समाजाने द्यावेत आणि ते थेट आईच्या हातात द्यावेत. १९४५ मध्ये फॅमिली अलाउन्सचा कायदा झाला. सरकारच्या मूळ मसुद्यात हे पैसे वडलांना द्यायचे होते! रॅथबोनबाईंनी आणि बाकी खासदारांनी ते हाणून पाडलं आणि आईच्या नावावर करून घेतलं. ऑगस्ट १९४६ पासून पैसे मिळायला लागले, आठवड्याला ५ शिलिंग, तेही दुसऱ्या मुलापासून पुढे, पहिल्याला काही नाही. बाईंना ते बघायला मिळालं नाही, त्या त्याच वर्षी जानेवारीत गेल्या. मग १९७५ च्या कायद्याने चाइल्ड बेनिफिट आला, १९७७ पासून पहिल्या मुलालाही मिळायला लागला, आणि त्यात वडलांच्या टॅक्समधली मुलांची सूट हळूहळू बंद करून तेवढा पैसा आईकडे वळवला गेला. सगळ्यांना सारखा, उत्पन्न न बघता. श्रीमंतालाही तेवढाच, गरिबालाही तेवढाच, म्हणूनच घ्यायला कुणालाच लाज नव्हती.

२०२५-२६ मध्ये पहिल्या मुलाला आठवड्याला २६.०५ पाउंड आणि पुढच्या प्रत्येकाला १७.२५ मिळत होते. दोन मुलं असतील तर वर्षाला साडेबावीसशे पाउंडच्या आसपास झाले. लंडनच्या नर्सरीच्या फीपुढे ते काहीच नाही हे मान्य, पण ज्या घरात बाई नोकरी करत नाही तिथे तिच्या स्वतःच्या खात्यात दर महिन्याला येणारे एवढेच पैसे असतात, आणि त्याची किंमत पाउंडात मोजता येत नाही असं मला अगदी मनापासून वाटतं. मी अशा मुली बघितल्यात ज्यांच्या नावावर इथलं पहिलं बँक खातंच या पैशांसाठी उघडलं गेलं.

मग २०१३ आलं. जॉर्ज ऑस्बोर्न अर्थमंत्री असताना त्यांनी २०१० मध्ये जाहीर केलं आणि जानेवारी २०१३ पासून लागू झालं, की घरात कुणा एकाचं उत्पन्न ५०,००० च्या वर गेलं की चाइल्ड बेनिफिट टॅक्सच्या वाटेने परत घ्यायला सुरुवात करायची आणि ६०,००० ला सगळाच परत. एप्रिल २०२४ पासून ही मर्यादा ६० ते ८० हजार झालीय. पण मेख तशीच आहे, उत्पन्न एका माणसाचं बघतात, घराचं नाही. म्हणजे नवरा-बायको दोघं ६०-६० हजार कमावत असतील, घरात १ लाख २० हजार येतात, त्यांना पूर्ण पैसे. आणि एकटा नवरा ८० हजार कमावतो, बायको दोन लहान मुलं सांभाळत घरी आहे, त्यांना शून्य. आता आपल्या लोकांची घरं डोळ्यासमोर आणा. एक जण आयटीत, दुसरी डिपेंडंट म्हणून आली, तिची डिग्री इथे चालत नाही किंवा मुलं लहान आहेत म्हणून ती घरी आहे. हा नियम नेमका अशाच घराला लागतो. मार्च २०२४ च्या बजेटमध्ये तेव्हाचे अर्थमंत्री जेरेमी हंट म्हणाले की आम्ही २०२६ पर्यंत घराच्या एकत्र उत्पन्नावर आणू, मग सरकार बदललं आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये नव्या सरकारच्या अर्थमंत्री रेचल रीव्ह्जनी ते रद्द केलं, खर्च फार होतो म्हणून.

खर्चाचं कारण मी समजू शकते. ज्याचा राग येतो ते वेगळंच आहे. हा नियम आल्यावर हजारो घरांनी विचार केला की द्यायचे आणि परत घ्यायचे तर मग अर्जच कशाला करा, टॅक्स रिटर्नची कटकट कोण करणार. अगदी साहजिक विचार आहे. पण त्या अर्जाला पैशांशिवाय अजून एक गोष्ट जोडलेली आहे जी कुणी मोठ्याने सांगत नाही. मूल १२ वर्षांचं होईपर्यंत, घरी असलेल्या पालकाला त्या अर्जामुळे नॅशनल इन्शुरन्सचे (पगारातून पेन्शन वगैरेसाठी कापली जाणारी वर्गणी) क्रेडिट मिळतात, म्हणजे तिने नोकरी केली नाही तरी ती वर्षं स्टेट पेन्शनमध्ये धरली जातात. पूर्ण नव्या पेन्शनला साधारण ३५ वर्षं लागतात. अर्जच केला नाही तर ती वर्षं कोरी राहतात.

माझ्या ओळखीतली एक ताई, नाव सांगत नाही, दोन मुलं, नवऱ्याचा पगार चांगला म्हणून अर्ज केलाच नाही. मुलं मोठी झाल्यावर नोकरी शोधताना सहज म्हणून तिने ऑनलाइन आपलं रेकॉर्ड उघडलं आणि मला फोन करून बोलावून घेतलं. स्क्रीनवर एकाखाली एक वर्षांची यादी आणि जवळजवळ प्रत्येक ओळीत तेच, वर्ष पूर्ण नाही, वर्ष पूर्ण नाही. ती मला म्हणाली, "अगं मी या वर्षांत एक दिवस तरी रिकामी बसले होते का?" मला काय उत्तर द्यावं कळेना. अर्जात खरं तर सोय आहे, "मला अर्ज करायचाय पण पैसे नकोत" अशी खूण करता येते, क्रेडिट चालू राहतात, परत काही द्यावं लागत नाही. पण ही सोय माहीत असायला आधी तो फॉर्म उघडायला हवा ना, आणि फॉर्म उघडायचाच नाही असं ठरवलेल्या माणसाला ती दिसणार कशी? हे चुकतंय हे सरकारलाही पटलं, २०२३ मध्ये त्यांनी जाहीर केलं की अशा पालकांना मागची क्रेडिट मिळायची वाट करून देऊ. म्हणजे दहा वर्षांनी.

आणि हे पहिल्यांदा झालेलं नाही. १९७८ ते २०१० या काळात घरी राहून मुलं वाढवणाऱ्या बायकांना पेन्शनमध्ये जे संरक्षण होतं त्याच्या नोंदी कितीतरी बायकांच्या रेकॉर्डवर चढल्याच नाहीत, विशेषतः ज्यांनी मे २००० च्या आधी अर्ज केला आणि त्यावर नॅशनल इन्शुरन्स नंबर लिहिलेला नव्हता त्यांच्या. एचएमआरसीने, म्हणजे इथल्या टॅक्स खात्याने, २०२३ पासून या आज्यांना पत्रं पाठवली, तुम्हाला कमी पेन्शन मिळत असेल, तपासून बघा म्हणून. ज्यांच्या सासूबाई, मावश्या सत्तर-ऐंशीच्या दशकात लेस्टर, हॅरोकडे आल्या आणि मुलं वाढवली त्यांनी ते पत्र कचऱ्यात टाकू नका, आणि पत्र आलं नसेल तरी विचारून बघा.

मग अजून एक, व्हिसावरच्या लोकांसाठी. तुमच्या व्हिसावर 'नो रिकोर्स टु पब्लिक फंड्स', म्हणजे सरकारी मदत घेता येणार नाही, अशी अट असेल (स्किल्ड वर्कर आणि त्यांच्या डिपेंडंटना असतेच) तर चाइल्ड बेनिफिट हा त्या पब्लिक फंडात मोडतो, तेव्हा कुणीतरी सांगितलं म्हणून अर्ज करू नका, पुढे आयएलआरच्या (इथे कायमचं राहायच्या परवानगीच्या) वेळी त्रास होऊ शकतो. टॅक्स भरता, नॅशनल इन्शुरन्स भरता, पण मुलाचे पैसे नाहीत. मला हे न्याय्य वाटत नाही, पण नियम आहे तो असा आहे. आयएलआर हातात आलं की मात्र त्याच आठवड्यात अर्ज करा, ते तीन महिन्यांचं घड्याळ विसरू नका.

आणि ज्यांना मिळतोय त्यांनीही निर्धास्त राहू नये असं २०२५ मध्ये घडलं. एचएमआरसीने होम ऑफिसच्या, म्हणजे गृहखात्याच्या, प्रवासाच्या नोंदी वापरून सुमारे २३,५०० कुटुंबांचा चाइल्ड बेनिफिट थांबवला, का तर देशाबाहेर गेल्याची नोंद आहे आणि परत आल्याची नाही, म्हणजे हे लोक देश सोडून गेले असणार. प्रत्यक्षात कितीतरी जण सुट्टीला जाऊन आठवड्याभरात परत आले होते. उत्तर आयर्लंडमधले लोक बेलफास्टहून गेले आणि डब्लिनवरून आले, तिथून घरी गाडीने, मधे पासपोर्ट कुणी बघतच नाही, तर नोंद होणार कुठून? काहींनी तर तिकीट काढलं होतं पण विमानात बसलेच नव्हते. पत्र पाठवून विचारलं की तुम्ही इथेच राहता हे सिद्ध करा, आणि पैसे आधीच बंद. बोभाटा झाल्यावर एचएमआरसीने माफी मागितली आणि पद्धत बदलली. आपण लोक उन्हाळ्यात मुलांना घेऊन पाच-सहा आठवडे भारतात जातो, नियमाप्रमाणे आठ आठवड्यांपर्यंत काही अडचण नाही, त्याहून जास्त राहणार असाल तर कळवावं लागतं, (आजारपण किंवा घरात कुणी गेलं तर बारा आठवडे). पण बोर्डिंग पास आणि शाळेचं एखादं पत्र जपून ठेवा एवढंच सांगते.

बघा म्हणजे, मूल जन्मल्याची नोंद सरकारकडे असते त्यावर विश्वास ठेवून पैसे सुरू करत नाहीत, पण विमानतळावरच्या अर्धवट नोंदीवर विश्वास ठेवून बंद मात्र करतात. हे उलटं हवं. जन्मनोंदणीच्या त्याच टेबलावर एक प्रश्न विचारा, "चाइल्ड बेनिफिट सुरू करू का, पैसे हवेत की नुसते क्रेडिट?", तिथेच सही घ्या, संपलं. सर्टिफिकेट देणारी खिडकी आणि पैसे देणारी खिडकी वेगळी आहे हे कारण आजच्या काळात ऐकवत नाही.

आता अवयवदान.

ब्रिटनचं ऑर्गन डोनर रजिस्टर १९९४ मध्ये सुरू झालं. त्यामागे जॉन आणि रोझमेरी कॉक्स हे आईवडील होते, त्यांचा मुलगा पीटर १९८९ मध्ये ब्रेन ट्यूमरने गेला, त्याची इच्छा होती अवयव द्यायची, आणि अशी इच्छा लिहून ठेवायला देशात एक जागाच नाही हे त्यांच्या लक्षात आलं. पुढे २० वर्षांहून जास्त काळ पद्धत अशी होती की ज्याला द्यायचेत त्याने नाव नोंदवायचं. वेल्सने डिसेंबर २०१५ मध्ये ते उलटं केलं, ज्याला द्यायचे नाहीत त्याने कळवायचं. इंग्लंडमध्ये हा कायदा २० मे २०२० ला लागू झाला, स्कॉटलंडमध्ये मार्च २०२१ ला, उत्तर आयर्लंडमध्ये जून २०२३ ला. इंग्लंडच्या कायद्याला लोक मॅक्स अँड कीराज लॉ म्हणतात. कीरा बॉल ९ वर्षांची, २०१७ मध्ये अपघातात गेली, तिच्या वडलांनी होकार दिला आणि तिचं हृदय तिच्याच वयाच्या मॅक्स जॉन्सनला मिळालं. उत्तर आयर्लंडचा कायदा डाही नावाच्या एका छोट्या मुलाच्या नावाने आहे, जो हृदयासाठी थांबला होता.

इंग्लंडची तारीख बघितलीत? मे २०२०. सगळे घरात कोंडलेले, बातम्यांत कोविडशिवाय काही नाही. एवढा मोठा बदल झाला आणि मी ज्यांना ज्यांना विचारते त्यातल्या निम्म्या लोकांना आजही माहीत नसतं की तो झालाय. उरलेल्यांतल्या बऱ्याच जणांना वाटतं की आता सरकार परस्पर अवयव काढून घेतं. तसं नाही म्हणून जरा नीट सांगते.

कायद्यात काही लोक वगळलेले आहेत, १८ च्या आतली मुलं, ज्यांना हा निर्णय समजण्याची मानसिक क्षमता नाही ते, आणि मृत्यूआधी १२ महिन्यांहून कमी काळ इथे राहिलेले. म्हणजे भारतातून भेटीला आलेल्या आईबाबांना हा कायदा लागत नाही, त्यांनी ती काळजी करू नये. बाकी सगळ्यांच्या बाबतीतही प्रत्यक्षात काय होतं? बहुतेक वेळा माणूस आयसीयूत असतो, डॉक्टरांनी सांगितलेलं असतं की आता काही होणार नाही, आणि मग एक खास प्रशिक्षण घेतलेली नर्स घरच्यांशी बोलायला येते. ती आधी रजिस्टर बघून आलेली असते. ती घरच्यांना विचारते की ते याबद्दल कधी काही बोलले होते का. आणि होकार मिळाला तरी मग प्रश्नांची लांबलचक यादी असते, आधीची आजारपणं, औषधं, कुठे प्रवास केला, दारू-सिगरेट, अगदी खासगी गोष्टीसुद्धा, कारण ज्याला अवयव मिळणार त्याला धोका नको. हे सगळं त्या नवऱ्याला किंवा बायकोला अशा खोलीत बसून सांगायचं असतं जिच्या पलीकडच्या खोलीत आपलं माणूस मशीनवर आहे. आणि घरच्यांनी ठामपणे नको म्हटलं तर कायदा काहीही धरून चालत असला तरी नर्स आणि डॉक्टर पुढे जात नाहीत.

म्हणून कायद्याने आकडे वाढतील असं जे वाटलं होतं ते झालं नाही. ब्रिटनमध्ये २०१९-२० मध्ये विचारलेल्या कुटुंबांपैकी दोनतृतीयांशांहून थोड्या जास्त घरांनी होकार दिला होता, आता ते प्रमाण ६० टक्क्यांच्या आसपास आलंय. कायदा आला आणि होकार कमी झाले! कोविडचा परिणाम आहे, हॉस्पिटलांवरचा ताण आहे, पण एक कारण मला अगदी स्पष्ट दिसतं. पूर्वी ज्याला द्यायचे असत तो नाव नोंदवायचा आणि त्या निमित्ताने घरी सांगायचा. आता लोकांना वाटतं की कायद्यातच आहे तर वेगळं काय सांगायचं. आणि मग त्या खोलीत बसलेल्या बायकोला खरंच माहीत नसतं की त्याला काय हवं होतं, आणि माहीत नसलं की माणूस नकोच म्हणतो, त्यात तिचा काही दोष नाही. मृत माणसाची इच्छा आधीपासून माहीत असेल तर दहातली नऊ घरं होकार देतात, माहीत नसेल तर प्रमाण निम्म्याच्या आसपास उतरतं. स्पेनचं उदाहरण सगळे देतात, तिथे असा कायदा १९७९ चा आहे, पण आकडे वाढायला लागले ते १९८९ मध्ये राष्ट्रीय संस्था उभी राहिल्यावर, हॉस्पिटलांत प्रशिक्षित डॉक्टर या कामावर नेमल्यावर, घरच्यांशी कसं बोलायचं हे शिकवल्यावर.

आता आपल्याबद्दल, कारण इथे मला गप्प बसवत नाही. ब्रिटनमध्ये अवयवासाठी थांबलेल्यांची यादी २०२५ मध्ये ८ हजारांच्या वर गेली. किडनीसाठी थांबलेल्यांत जवळपास एकतृतीयांश लोक आशियाई, कृष्णवर्णीय आणि इतर अल्पसंख्याक समाजांतले आहेत, कारण डायबेटिस आणि ब्लड प्रेशर आपल्यात जास्त, आणि त्यातून किडनी जातात. किडनी जुळायला रक्तगट लागतो, टिश्यू टाइप लागतो, आणि तो आपल्याच समाजातल्या माणसाशी जुळण्याची शक्यता जास्त. इथल्या गोऱ्या लोकांत बी रक्तगट दहात एखाद्याचा असतो, आपल्याकडे तिघांत एकाचा. म्हणजे बी गटाचा आपला माणूस डायलिसिसवर थांबलाय तर त्याला किडनी बहुधा कुठल्यातरी पटेल, शर्मा, कुलकर्णीच्या घरूनच यायला हवी, आणि आशियाई घरांत होकाराचं प्रमाण आजही निम्म्याहून खाली आहे.

का, ते मला माहीत आहे, तुम्हालाही माहीत आहे. घरात विषय काढला की "शुभ बोल गं", "तिन्हीसांजेला असलं काय बोलायचं". डोळे दिले तर पुढच्या जन्मी आंधळं होतो. देह अपुरा गेला तर गती मिळत नाही. मी या भीतीची थट्टा करणार नाही, आपल्या आजीने आपल्याला प्रेमाने सांगितलेल्या गोष्टी आहेत त्या. पण त्याच आजीने आपल्याला दधीची ऋषींचीही गोष्ट सांगितली होती, देवांनी वज्रासाठी अस्थी मागितल्या आणि त्यांनी जिवंतपणी देह ठेवला, आणि त्यांना गती मिळाली नाही असं काही आजी म्हणाली नव्हती. व्यवहाराचं म्हणाल तर ऑपरेशन नीट थिएटरमध्ये होतं, शिवून, स्वच्छ करून देह परत देतात, साडी नेसवता येते, चेहरा बघता येतो, अंत्यसंस्कार आपल्या पद्धतीने होतात. आणि २०१८ पासून रजिस्टरवर नाव घालताना अशीही नोंद करता येते की माझ्या धर्माच्या बाबी काय आहेत हे माझ्या घरच्यांशी बोलून घ्या, मग ती नर्स ते विचारते.

खरं सांगायचं तर लोकांना नको नसतं, त्यांना कुणी योग्य वेळी विचारलेलंच नसतं. हे इथल्या सरकारने स्वतः तपासून बघितलंय. जुलै २०११ पासून ड्रायव्हिंग लायसन्सचा ऑनलाइन अर्ज करताना अवयवदानाचा प्रश्न येतो आणि काहीतरी उत्तर द्यावंच लागतं, "आत्ता सांगायचं नाही" हेही चालतं. मग २०१३ मध्ये गाडीचा टॅक्स वगैरे भरून झाल्यावर येणाऱ्या पानावर त्यांनी आठ वेगवेगळे मजकूर लावून बघितले, दहा लाखांहून जास्त लोकांना ते दिसले. सगळ्यात जास्त लोकांनी ज्यावर नाव नोंदवलं तो मजकूर असा होता की तुम्हाला अवयवाची गरज पडली तर तुम्ही घ्याल ना, मग दुसऱ्यालाही मदत करा. आणि लोकांच्या गटाचा फोटो लावलेलं पान नुसती नाव नोंदवा एवढंच लिहिलेल्या साध्या पानापेक्षाही कमी चाललं. तो एक मजकूर वर्षभर ठेवला तर ९६ हजार जास्त नोंदी होतील असा त्यांचा हिशोब निघाला. एक वाक्य! ते वाक्य मी आमच्या मंडळाच्या गणपतीत स्टेजवरून म्हणून बघितलंय, हॉल शांत झाला आणि नंतर जेवणाच्या रांगेत चार बायका विचारायला आल्या.

म्हणून काही लोक सुचवतात तसं, की मग चाइल्ड बेनिफिटच्या फॉर्मवरही हा प्रश्न टाका, एवढे तरुण आईवडील एका जागी अजून कुठे सापडतात. विचारायला माझी ना नाही. फक्त पैशांना अट म्हणून जोडू नका. ऑस्ट्रेलियाने २०१६ पासून मुलांचे सरकारी पैसे लसीकरणाला जोडले, लस नाही तर पैसे नाहीत. लसीबद्दल त्यांचं कारण वेगळं होतं, इतर मुलांच्या संरक्षणाचं. पण अवयवदानाला कुठल्याही पैशाचा नुसता वास जरी आला तरी ते दान राहत नाही, आणि ज्यांना पैशांची सगळ्यात जास्त गरज आहे त्यांच्यावरच दबाव येतो. रॅथबोनबाईंनी जे पैसे आईच्या हातात बिनशर्त दिले ते बिनशर्तच राहावेत.

मुलांबद्दल मात्र एक गोष्ट सांगायलाच हवी, जड आहे पण सांगते. १८ च्या आतल्यांना तो गृहीत धरण्याचा कायदा लागत नाही, तिथे निर्णय आईवडलांचाच. अवयवासाठी थांबलेल्या मुलांची संख्या दोनशेच्या वर असते आणि लहान मुलाला बऱ्याचदा लहान मुलाचंच हृदय लागतं. कीराच्या वडलांनी होकार दिला तेव्हा कायदा त्यांना काही सांगत नव्हता. मूल गेलं तर चाइल्ड बेनिफिट लगेच बंद करत नाहीत, पुढचे आठ आठवडे देत राहतात, ते बहुतेकांना माहीत नसतं आणि माहीत करून घ्यायची वेळ कुणावर येऊ नये. पण हा नियम कुणीतरी विचार करून केलाय. तेवढाच विचार बाकीच्या फॉर्मांत का नाही, एवढंच माझं म्हणणं आहे.

तर करायचं काय, ज्यांना नेमकं हवंय त्यांच्यासाठी. व्हिसावर ती पब्लिक फंडाची अट नसेल तर बाळाची जन्मनोंदणी झाली की दोन दिवसांनी लगेच एचएमआरसीच्या ॲपवरून चाइल्ड बेनिफिटचा अर्ज करा, उत्पन्न कितीही असू दे. दोघांपैकी जो घरी आहे किंवा कमी कमावतो त्याच्या नावावर करा, क्रेडिट त्यालाच लागणार आहेत. उत्पन्न ८० हजारांच्या वर असेल तर "पैसे नकोत"ची खूण करा. ६० ते ८० च्या मधे असाल तर घ्या, काही भाग तरी उरतोच, आणि २०२५ पासून परत द्यायची रक्कम पगारातूनच कापून घेता येते, नुसत्या तेवढ्यासाठी रिटर्न भरायची गरज नाही. जुनी वर्षं कोरी आहेत का ते नॅशनल इन्शुरन्सच्या रेकॉर्डवर बघा, आजच बघा.

आणि अवयवदानाचं एनएचएसच्या ॲपमध्ये आहे, पाच मिनिटं लागतात. हो म्हणा किंवा नाही म्हणा, पण नोंद करा आणि घरात मोठ्याने सांगा, बायकोला, नवऱ्याला, कळत्या मुलांना. सगळं द्यायचं की निवडक तेही ठरवता येतं, हृदय, फुप्फुसं, किडनी, लिव्हर, कॉर्निया, प्रत्येकाला वेगळी खूण आहे, आणि नंतर कधीही बदलता येतं. आमच्याकडे मी सगळ्यालाच हो केलंय. नवऱ्याने डोळे सोडून बाकी सगळं. मी त्याच्याशी वाद घातला, त्याला त्याच्या आजीचं बोलणं अजून मनातून जात नाही म्हणाला, मग त्याच्या फोनवर कॉर्नियासमोरची खूण तशीच रिकामी ठेवून आम्ही ते सेव्ह केलं.